अर्ध्या मिनिटाला दोनदा

धुरपताबाई आमच्या स्टुडिओत कामाला आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि मी आठ. माझे वडील मधुकरराव निपाने यांचा भंडाऱ्यात फोटो स्टुडिओ होता. आमचं घराणं विणकरांचं. आजोबांचा हातमाग ज्या खोलीत चालायचा तिच्याच खिडक्या विटांनी बुजवून वडिलांनी डार्करूम केली होती. प्रिंट धुवायला आणि वाळवायला त्यांना हाताखाली कुणीतरी हवं होतं. धुरपता मेश्राम मूळची आसगावची, नुकतंच लग्न झालेली. नवरा पितळेच्या भांड्यांना चकाकी आणण्याचं काम करायचा. ती सातवी शिकलेली होती आणि अंधाराला भीत नव्हती, एवढ्यावर तिला काम मिळालं.

पहिल्याच दिवशी आजीने तिचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला, मागच्या दाराशी, चपलांच्या बाजूला. धुरपताबाईने त्याला हात लावला नाही. पाणीही प्यायली नाही. दुसऱ्या दिवशी येताना तिने बाजारातून पितळेचा पेला आणला. त्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं. सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिने तो आमच्या पेल्यांच्या रांगेत मधोमध ठेवला आणि आजीला म्हणाली, "माह्या पेल्यानं कोनी पानी पेलं त मी काई म्हननार नाई, आजी."

आजी आठ दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही. पेला मात्र तिथेच राहिला. अशी ही बाई.

गेल्या उन्हाळ्यात तिने जे केलं ते मला सांगायचं आहे. पण त्याआधी तिचं काम समजायला हवं.

त्या वेळी फोटो फिल्मवर निघायचे. काढलेला रोल अंधारात एका चकरीवर गुंडाळायचा, ती चकरी काळ्या डब्यात ठेवायची, झाकण लावायचं. मग झाकणाच्या तोंडातून डेव्हलपर ओतायचा. या औषधाने फिल्मवर चित्र उमटतं. पण औषध नुसतं ओतून भागत नाही. फिल्मला लागून असलेलं औषध काम करता करता थकतं, तिथे ताजं औषध यावं लागतं. म्हणून डबा हलवायचा. कमी हलवला तर चित्रावर डाग पडतात. दणादणा हलवला तर फिल्मच्या काठावर जी भोकं असतात त्यांतून औषध जोरात आत घुसतं आणि पट्टे उठतात. माणसांच्या गर्दीत, झाडाझुडपांत हे पट्टे लपून जातात. आभाळ आणि पाणी मात्र काहीच लपवत नाहीत.

वडिलांचा नियम ठरलेला होता. सुरुवातीला अर्धा मिनिट सतत, त्यानंतर दर मिनिटाला चारदा डबा पालथा-सुलटा करायचा, आणि दर वेळी शेवटी टेबलावर हलकेच दोन ठोके द्यायचे, म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. धुरपताबाई दोन वर्षं नुसती ऐकत होती. डब्यातल्या पाण्याचा आवाज, ठोके, मधली शांतता. पुढे एकदा वडील तापाने आडवे झाले आणि लग्नाचे सहा रोल पडून राहिले. ते तिने कुणाला न विचारता डेव्हलप केले. सहाच्या सहा स्वच्छ. तेव्हापासून स्टुडिओतली प्रत्येक फिल्म तिच्या हातून जायची. प्रिंटच्या मागचा शिक्का अर्थातच वडिलांचा. गिऱ्हाइकं म्हणायची, मधुकररावांसारखं आभाळ कुणाच्या फोटोत येत नाही. वडील मान हलवायचे. धुरपताबाई आत असायची.

दोन हजार सहा साली स्टुडिओ बंद झाला. माझा भाऊ अश्विन सगळं सामान भंगारात काढत होता. धुरपताबाई आली, सामानाच्या ढिगातून तिने तो काळा डबा, त्याची चकरी आणि थर्मामीटर उचललं आणि पदरात बांधलं.

"ते काय घेऊन राहिली बाई?" अश्विनने विचारलं.

"माहं हाय ते," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

नवरा गेल्यावर ती सासरच्या गावी, निमटोल्याला राहायला गेली. तिथे तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, तिची अर्धा एकर धानाची जमीन आहे. मुलगा विनोद वायरिंगची कामं करतो. सहा वर्षांपूर्वी रोवणीच्या वेळी ती चिखलात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनगट पुन्हा कधी पूर्ण वळलं नाही. ताट उचलता येतं, ते पालथं करता येत नाही.

गेल्या मे महिन्यात तिचा फोन आला. "हर्षा, तुह्या बापाचा कॅमेरा हाय का गेला भंगारात?"

"आहे. कपाटात आहे. काहून?"

"तलाव चोरून राहिले," ती म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी निमटोल्याला गेले. चोरी खरंच चालू होती. तुलाराम नावाचा ठेकेदार तलावाला लागून असलेला प्लॉट घेऊन बसला होता आणि उन्हाळ्यात पाणी आटलं तसा टिप्परने मुरूम टाकत प्लॉट आत आत सरकवत होता. पावसाळ्यात जिथे छातीइतकं पाणी असतं तिथे लाल सपाट जमीन झाली होती. टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, सत्तावीस जणांच्या सह्या घेऊन धुरपताबाईने तालुक्याच्या ऑफिसात अर्ज दिला होता. सोबत विनोदच्या मोबाइलवरचे फोटो. तुलारामनेही आपले फोटो दिले. त्यांत तलाव काठोकाठ हिरवागार होता, मुरुमाचा ढेकूळसुद्धा नव्हता.

सुनावणीला मी तिच्यासोबत होते. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले.

"एकाच जागेचे, एकाच आठवड्याचे म्हणता. दोन्ही खरे कसे असतील?" साहेब म्हणाले. "मोबाइलवर आज काय वाट्टेल ते करता येतं. मी यांचे धरू शकत नाही आणि तुमचेही."

तुलाराम हसला. "साहेब, बाईले कोनीतरी कॉम्प्युटरवर बनवून देल्लं असंल."

धुरपताबाई उभी राहिली. "साहेब, निगेटिव्ह आनलं त चालन का?"

"निगेटिव्ह?" साहेबांना हसू आलं, पण ते वाईट नव्हतं. "आता कुठे मिळतं हो निगेटिव्ह? कोण काढतं, कोण धुतं?"

"मी काढतो, मी धुतो."

मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. ती वळली आणि जो हसला त्याच्याकडे तो खाली बघेपर्यंत बघत राहिली.

"तीन आठवड्यांनी तारीख आहे," साहेब म्हणाले. "आणा."

मी मुंबईहून कुरिअरने कृष्णधवल फिल्मचे दोन रोल, डेव्हलपरची पावडर आणि हायपो मागवला. हायपो म्हणजे चित्र कायम करणारं औषध. धुरपताबाईने पहिला रोल एका सकाळी काढला. पाळीवरून पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेच्या टोकापर्यंत चालत, दर दहा पावलांवर एक फोटो. एका फोटोची कड पुढच्या फोटोत यायलाच हवी, म्हणजे मधलं काही वगळलं असं कुणी म्हणू नये. एकोणिसाव्या फोटोत हद्दीचा जुना दगड होता. त्याच्या पलीकडे, तलावाच्या बाजूला, मुरूम ओतणारा टिप्पर.

रोल चकरीवर चढवायला तिने जुन्या छत्र्यांच्या काळ्या कापडाची दुहेरी पिशवी शिवली होती. धानाच्या कोठीच्या खोलीत दार लावून, पिशवीत हात घालून, वरून गोधडी पांघरून तिने तो चढवला. बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती.

पण डबा पालथा करताना मनगट अडलं. अर्ध्यात थांबलं. डब्यासोबत एक दांडी येते. ती वरून घालून चकरी आतल्या आत फिरवता येते. शेवटी तिने तीच फिरवली. पूर्ण वेळ, इकडून तिकडे.

फिल्म बाहेर आली तेव्हा तिने ती खिडकीकडे धरली आणि माझ्या हातात दिली. चित्रं होती. पण काठच्या प्रत्येक भोकापासून एकेक पट्टा आत उतरला होता, कंगव्याच्या दातांसारखा. छापल्यावर आभाळात पांढऱ्या पट्ट्या आल्या असत्या. एकोणिसाव्या फोटोत तर एक पट्टा थेट दगडावरून गेला होता. दगड आहे का डाग आहे, सांगता येत नव्हतं.

"हे चालणार नाही का?" मी विचारलं.

"हे देल्लं त तुलाराम म्हनन, डागावर केस करून राहिली." तिने फिल्म गुंडाळली. "बाबूजीले दाखवू."

वडील आता पंच्याऐंशीचे आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण भिंग घेतलं की अजून सगळं दिसतं. त्यांनी पट्टी उजेडात धरली आणि क्षणात म्हणाले, "डबा पालथा नाही केला. नुसती दांडी फिरवली."

"मनगट वळत नाई, बाबूजी."

"मग दोन्ही हातांनी धर. पण मी शिकवलं तसंच कर. मिनिटाला चार. तीस वर्षं आपण तसंच केलं. एक फिल्म खराब झाली का?"

धुरपताबाईने पट्टी त्यांच्या हातातून परत घेतली. मग म्हणाली, "तुम्ही शिकवलं तसं मी कधी केलंच नाई."

वडिलांनी भिंग खाली ठेवलं.

"तुमची पद्धत हिवाळ्यातली, बाबूजी. आपल्या इथं मे महिन्यात नळाचं पानी चौतीसवर जाते. औषध गरम, काम झटपट, चार मिनिटांत फिल्म तयार. अन् त्या चार मिनिटांत मिनिटाला चारदा आदळली त पट्टेच येतीन. पहिल्या उन्हाळ्यात आले व्हते, तुम्ही फिल्मवाल्या कंपनीले शिव्या देल्ल्या. मंग मी माठाचं पानी घेतलं, औषध अर्धं पातळ केलं, टाइम वाढवला. अन् चारही एका दमात नाई, अर्ध्या मिनिटाला दोनदा, हळू. आवाज येऊ नाई इतकं हळू. अन् दर वेळी डबा हातात थोडासा फिरवून धरायचा, म्हंजे पानी एकाच बाजूनं पडत नाई. पंचवीस वर्षं असंच केलं."

"मला सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही इचारलं नाई. अन् सांगितलं असतं त तुम्ही म्हनले असते, तुले काय समजते."

मला वाटलं बाबा चिडतील. ते चिडलेही, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ते खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "म्हटलं असतं." आणि मग, "डबा गच्च भरतेस का?"

"हो."

"नको भरू. वर बोटभर जागा ठेव. हवा नसली तर पालथा केल्यावर पाणी हलतच नाही. मनगट अडतंय, म्हणून हे जास्त जप."

हे तिला माहीत नव्हतं. तिने मान डोलावली. दोघं पुढे तासभर बोलत बसले आणि मी त्यांना चहा द्यायला गेले तर माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

दुसरा रोल काढायच्या आदल्या संध्याकाळी विनोद तिच्याशी भांडला. तुलारामच्या साइटवरची वायरिंगची कामं त्याला मिळायची.

"आई, सोड ना. त्यानं मले बोलावून सांगितलं, आईले समजाव म्हने. मले इथंच राहाचं हाय."

"मले बी इथंच राहाचं हाय. म्हून त करून राहिली."

"तुह्या एकटीचा हाय का तलाव?"

"एकटीचा नाई. पन एकटीचा नाई म्हनून सोडून देऊ का?" ती म्हणाली. "तुले भेव वाटत असंल त अर्जातून तुहं नाव काढून टाक. मी राग नाई धरनार. माहं राहू दे."

विनोदने नाव काढलं नाही. पण दोन दिवस तो घरी जेवलाही नाही.

दुसरा रोल तिने पुन्हा त्याच वाटेने, तितक्याच पावलांवर काढला. दगड अजून होता, मुरुमात अर्धा गाडलेला. त्यानंतर चार दिवस ती डब्यात साधं पाणी भरून सराव करत होती. एका हाताने जमत नव्हतं. मग तिने युक्ती काढली. पाटावर बसायचं, कोपर दोन्ही गुडघ्यांवर टेकवायचे, डबा दोन्ही तळव्यांत धरायचा आणि मनगट न वळवता कोपरापासून दोन्ही हात एकदम कलवायचे. सूप कलवतात तसं. डबा पालथा होतो, थांबतो, परत येतो. मनगटाला काही करावंच लागत नाही.

सुनावणीला पाच दिवस राहिले होते. सकाळी आठ वाजता आम्ही अंगणात मांडवाच्या सावलीत बसलो. रात्रभर बाहेर ठेवलेल्या माठाचं पाणी आणि कुल्फीवाल्याकडून आणलेला बर्फ मिळून औषध चोवीस अंशांवर आणलं होतं. तिने आधी साध्या पाण्याने फिल्म मिनिटभर भिजवली, म्हणजे औषध सगळीकडे सारखं शोषलं जाईल. मग औषध ओतलं, वर बोटभर जागा ठेवून. साडेसात मिनिटं. मी मोबाइलवर वेळ लावली.

पहिला अर्धा मिनिट होत आला, आणि रस्त्यावर गाडी थांबली. तुलाराम ठेकेदार आणि त्याचा एक माणूस अंगणात आले.

"काय चालू हाय, बाई?"

"तुमचा फोटो धुऊन राहिली," धुरपताबाई म्हणाली. मान वर केली नाही.

"अर्धा," मी म्हटलं. तिने दोनदा डबा पालथा-सुलटा केला आणि पाटावर टेकवला.

तुलाराम खाटेवर बसला, तोवर एकलाही डबा दोनदा हलून झाला होता. आवाज गोड. "बाई, आपल्याले एका गावात राहाचं हाय. टोल्यावर सभामंडप बांधून देतो मी. वर टिना, खाली फरशी. मुलाबाळांचे लग्न होतीन."

"दीड."

दोनदा पालथा-सुलटा. "पानी कुठून आनान लग्नात? तलाव त तुम्ही भरून टाकला."

"नळ येऊन राहिला ना."

"दोन."

"नळानं धान होते का?" पुन्हा दोनदा. टक, टक.

तुलारामचा आवाज बदलला. त्याला राग ती नाही म्हणते याचा नव्हता. ती बोलताना त्याच्याकडे बघत नव्हती, याचा होता. "विनोद माह्याकडं काम करते, माहीत हाय ना?"

"अडीच."

कोपर गुडघ्यांवर, डबा तळव्यांत, हळू खाली, हळू वर. "काम करते, विकला नाई गेला," ती म्हणाली.

तीनलाही दोनदा झालं आणि तुलाराम उठला. दोन पावलं पुढे येऊन त्याने हात केला. "पाहू द्या तो डबा."

झाकण उघडलं असतं तर एका क्षणात सगळं संपलं असतं. धुरपताबाईने डबा पोटाशी धरला आणि पहिल्यांदाच वर पाहिलं.

"उघडा," ती म्हणाली. "उघडलं त हे फोटो जातीन. उद्या मी तिसरा रोल काढीन. परवा चौथा. तलाव कुठं पळून जाते? अन् तुम्ही उघडला हे हर्षा सांगन, शकुनबाई सांगन, अख्खा टोला सांगन."

शकुनबाई म्हणजे शेजारीण. ती कधीची कुडाच्या दारात उभी होती, हातात झाडू. तिच्या मागे आणखी दोघी आल्या होत्या.

"साडेतीन," मी म्हटलं.

दोनदा पालथा-सुलटा. टक, टक.

तुलारामने हात मागे घेतला. "म्हातारी पागल झाली," तो आपल्या माणसाला म्हणाला आणि निघून गेला. गाडी वळली, धूळ मांडवापर्यंत आली. धुरपताबाईने पदराने डबा झाकला आणि पुढच्या आकड्याची वाट बघत बसली. उरलेली चार मिनिटं मी आकडे सांगत राहिले आणि ती डबा कलवत राहिली.

फिल्म हायपोतून निघाली, धुतली गेली आणि तिने ती दोन काठ्यांमध्ये सावलीत टांगली. मी जवळ जाऊन पाहिलं. छत्तीस तुकडे आभाळाचे, एकाच सुरात, एकही रेघ नाही. खाली मुरूम, टिप्पर, त्याचा नंबर, दगड. धुरपताबाईने काठ नखाने तपासला आणि म्हणाली, "बाबूजीची बोटभर जागा कामी आली." मग ती न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

सुनावणीला तिने फिल्म कापली नाही. अख्खी लांब पट्टी वहीच्या कागदात गुंडाळून नेली आणि मी करून घेतलेले प्रिंट सोबत. साहेब खिडकीपाशी गेले, पट्टी उजेडात धरून एकेक चित्र बघत गेले. काठावर क्रमांक छापलेले असतात, एक ते छत्तीस. मध्ये काही घुसवलं की पट्टी तुटते.

"हे बी बनवता येते, साहेब," तुलाराम म्हणाला.

धुरपताबाई त्याच्याकडे वळली. "मंग बनवून दाखवा. छत्तीस फोटो, एका पट्टीवर, न कापता. अन् त्यात तुमचा हिरवागार तलाव दाखवा. मी थांबतो."

साहेबांनी तिला बस म्हटलं नाही, त्यालाही उत्तर दे म्हटलं नाही. त्यांनी एकोणिसावं चित्र पुन्हा पाहिलं. "हा हद्दीचा दगड आहे?"

"हो जी."

"असा दगड तिथे नाहीच," तुलाराम म्हणाला. "माह्या प्लॉटची हद्द पानी सुरू होते तिथवर हाय. कोनीही जाऊन पाहावं."

तो इतक्या ठामपणे बोलला की मला शंका आली. काहीतरी झालं होतं. साहेबांनी जागेची पाहणी लावली, तीन दिवसांनी, मोजणीदारासह.

आणि खरंच, तिथे दगड नव्हता. सपाट लाल जमीन, त्यावरून रोलर फिरलेला. तुलाराम हात मागे बांधून उभा होता. टोल्यावरचे चाळीसेक जण पाळीवर जमले होते. विनोदही होता, सगळ्यांच्या मागे.

धुरपताबाई प्रिंट हातात घेऊन पाळीवर चढली. ज्या जागेवरून फोटो काढला होता तिथे उभी राहिली. फोटोत दगडाच्या मागे विजेचा खांब होता आणि त्याच्याही मागे दूरवर पळसाचं झाड, दोन्ही एका रेषेत. ती डावीकडे दोन पावलं सरकली, अर्धं पाऊल मागे आली. खांब आणि पळस जुळले.

"विनोद," तिने हाक मारली, "सरळ चाल. खांबाकडं पाहत चाल. मी थांब म्हनतो तिथं थांबजो."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. विनोद क्षणभर हलला नाही. मग गर्दीतून पुढे आला, तुलारामच्या समोरून गेला आणि मुरुमावर उतरून चालू लागला. फोटोत त्या रेषेवर, दगडाच्या अलीकडे, पाण्याच्या पाटाचा सिमेंटचा नळा दिसत होता, आणि तो नळा अजून जागेवर होता. त्यावरून अंतर धरून ती म्हणाली, "थांब. तिथंच खोद."

सब्बल आणि फावडं आणलं. हातभर मुरूम निघाला तरी काही नाही. तुलाराम मोठ्याने हसला. विनोद थांबला नाही. आणखी वीतभर गेल्यावर सब्बल खणकन वाजली. त्याने हातांनी माती बाजूला केली. दगड आडवा पडला होता, मोजणीची खूण वर आलेली. त्याच्या बुडाचा खड्डाही तिथेच सापडला.

मोजणीदाराने टेप लावली. तलाव दगडापासून होता, आणि तिथून पाण्यापर्यंत ऐंशी फूट मुरूम.

पंचनाम्यावर सह्या झाल्या. विनोदने पंच म्हणून सही केली. मुरूम काढण्याचा आदेश निघाला. तुलारामने वर अपील केलं आणि पावसाआधी निम्माच मुरूम निघाला. निम्मा अजून तिथेच आहे. विनोदला तुलारामची कामं बंद झाली. आता तो भंडाऱ्याला जातो, सकाळच्या एसटीने. धुरपताबाई म्हणते, निम्मा तलाव मिळाला, निम्मा बाकी हाय. दर पंधरा दिवसांनी ती पाळीवरून चालत एक रोल काढते, छत्तीस फोटो, त्याच जागांवरून.

दिवाळीनंतर करडीकडच्या एका गावातून पुष्पाबाई नावाची बाई तिला शोधत आली. त्यांच्याकडेही तलावाच्या काठावर कुणी कुंपण घालत होतं. आमचे फोटो काढून द्या, म्हणाली.

"मी कायले काढून देऊ?" धुरपताबाई म्हणाली. "तलाव तुमचा. शिकून घ्या."

मागच्या रविवारी मी गेले तेव्हा अंगणात पुष्पाबाई आणि तिच्या गावच्या तिघी पाटांवर बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात लोणच्याची पारदर्शक बरणी, आत पाणी आणि चिमूटभर हळद. बरणी पालथी केली की हळद कशी फिरते, एका बाजूने धावते की सगळीकडे सारखी पसरते, हे डोळ्यांनी दिसावं म्हणून. एकजण जोरात हलवत होती.

"ताक करून राहिली का?" धुरपताबाई ओरडली. "हळू. अन् बरनी गच्च नको भरू, वर बोटभर जागा ठेव."

"पन बाई, इतकं हळू केलं त होईन का?"

"होते. मी सांगून राहिली ना."